चार बोटांचे अंतर

आमच्या पिढीतल्या बेळगावकराला मिरज स्टेशन म्हटले की आधी धावपळ आठवते. पुण्या-मुंबईहून येणारी मोठी गाडी मिरजेला थांबे आणि मग ट्रंका, वळकट्या, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि झोपाळलेली पोरे सांभाळत सारे बिऱ्हाड पलीकडच्या फलाटावर उभ्या असलेल्या छोट्या गाडीकडे धावे. मिरजेच्या उत्तरेला रुंद रूळ, दक्षिणेला मीटरगेज आणि पूर्वेला कुर्डुवाडीकडे जाणारा त्याहून अरुंद, बार्शी लाइटचा रूळ. तीन मापांचे रूळ एका स्टेशनात नांदत होते. माणसे निदान पायांनी फलाट बदलत. मालाला पाय नसल्याने पोते न् पोते हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत जाई.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, लोंढ्याला मालगाडीवर गार्ड होते. खनिज भरलेल्या गाड्या घेऊन ते कॅसलरॉकचा घाट उतरून मुरगावच्या बाजूला जात. एकदा मिरजेच्या फलाटावर त्यांनी मला खाली वाकायला लावले, मीटरगेजचा रूळ दाखवला आणि म्हणाले, "पोरा, गाव कुठल्या राज्यात आहे ते कागदावर ठरतं. गाडी कुठवर जाणार ते इथं ठरतं." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. वाक्य लक्षात राहिले, अर्थ कळायला पुढची पन्नास वर्षे गेली; आणि तो कळला तोही बेळगावात नव्हे, जपानात.

२०१९ च्या वसंतात मुलीकडे योकोहामाला गेलो. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला असला तरी आगगाडीचे वेड गार्डाच्या घरातले. तिथल्या पहिल्याच स्टेशनावर मी फलाटाच्या कडेशी जरा वाकून रुळांकडे पाहू लागलो, तशी लेक घाबरून म्हणाली, "बाबा, मागे व्हा, ती पिवळी रेघ ओलांडायची नसते." मी तिला म्हटले, "अगं, हे रूळ आपल्या लोंढ्याचे आहेत!" अगदी तेच नव्हते. आपले मीटरगेज १००० मिलिमीटरचे आणि जपानचे साधे रूळ १०६७ मिलिमीटरचे. फरक ६७ मिलिमीटरांचा, म्हणजे हाताची चार बोटे जोडून धरली तर जेवढी रुंदी होते, जवळजवळ तेवढाच. वेगवान गाड्यांसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या देशाचे बहुतेक जुने रूळ आपल्या लोंढ्याच्या रुळापेक्षा फक्त चार बोटे रुंद! हे असे का झाले आणि पुढे त्याचे काय झाले, याचा माग काढण्यात माझ्या जपानच्या दोन्ही वाऱ्या खर्ची पडल्या. ती हकीकत इथे मांडतो.

आगबोट आणि आगगाडी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी आणि सुमारे ३४ किलोमीटरांचा प्रवास. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, जुलै १८५३ मध्ये, अमेरिकेचा कमोडोर पेरी आपली काळी जहाजे घेऊन जपानच्या उरागा बंदरापुढे येऊन उभा राहिला. दोनशेहून अधिक वर्षे बंद ठेवलेले दार उघडा, एवढीच त्याची मागणी होती आणि ती तोफांच्या सावलीत केलेली होती. पुढच्या वर्षी तो उत्तरासाठी परत आला तेव्हा नजराण्यात आगगाडीची एक चतुर्थांश आकाराची प्रतिकृती होती. छोटे इंजिन, एक डबा आणि गोल मांडायचे रूळ. योकोहामाच्या किनाऱ्यावर ते रूळ जोडून इंजिनात खरोखरचा विस्तव पेटवला गेला. डबा इतका लहान की आत लहान मूलही मावेना. पण एका सामुराई अधिकाऱ्याला राहवेना. तो डब्याच्या टपावर बसला आणि अंगरखा वाऱ्यावर फडफडत असताना चक्कर मारून आला. ज्या देशाने पुढे साऱ्या जगाला गाडी कशी चालवावी हे दाखवले, त्याच्या आगगाडीची सुरुवात अशी टपावर बसून झाली. आपल्याकडे टपावरच्या प्रवासाला आपण नावे ठेवतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

पेरीच्या खेळण्याची भूल ओसरण्याआधीच, १८५५ मध्ये, सागा संस्थानात हिसाशिगे तानाका नावाच्या कारागिराने आणि त्याच्या सोबत्यांनी स्वतःच वाफेवर चालणारे छोटे इंजिन करून दाखवले. हा तानाका म्हणजे यंत्राच्या बाहुल्या आणि घड्याळे करणारा हुन्नरी माणूस. त्याच्या कारखान्यातून पुढे तोशिबा ही कंपनी उभी राहिली.

शब्दांचा एक योगायोगही सांगण्यासारखा आहे. आपण वाफेच्या जहाजाला आगबोट म्हटले आणि त्याच चालीवर रुळांवरच्या गाडीला आगगाडी. जपानी माणसानेही आधी वाफेचे जहाज पाहिले होते. म्हणून आगगाडीला तो प्रथम 'ओका-जोकी' म्हणू लागला, म्हणजे कोरड्या जमिनीवरची आगबोट. आणि रेल्वेला त्यांचा आजचा शब्द आहे 'तेत्सुदो'. तेत्सु म्हणजे लोखंड, दो म्हणजे मार्ग. सरळ सरळ आपला लोहमार्ग! दोन भाषांनी एकमेकींना न विचारता केलेली ही बारशी आहेत.

चार बोटांचा निर्णय

१८६८ मध्ये जपानात सत्तांतर होऊन मेइजी पर्व सुरू झाले. नव्या सरकारातले ओकुमा शिगेनोबू आणि इतो हिरोबुमी हे दोन तरुण मंत्री रेल्वेच्या मागे लागले. विरोध भरपूर होता. देशाकडे बंदुकांना पैसा नाही आणि तुम्ही लोखंडाच्या वाटा कसल्या घालता, असे लष्कराचे म्हणणे. शेवटी लंडनच्या बाजारात दहा लाख पौंडांचे कर्ज उभारले गेले आणि एडमंड मॉरेल नावाचा इंग्रज अभियंता मुख्य म्हणून आला. तेव्हा त्याचे वय तिशीच्या आत होते. पैसा थोडा, देश डोंगराळ, नद्या उदंड. अशा ठिकाणी अरुंद रूळ स्वस्त पडतात, वळणेही तीव्र घेता येतात, असा सल्ला मिळाला आणि साडेतीन फुटांचे, म्हणजे १०६७ मिलिमीटरचे माप ठरले. रुळांच्या मापाचा अर्थ काय, हेच ओकुमांना त्या वेळी नीट ठाऊक नव्हते. पुढे ही आपली मोठी चूक झाली असे ते म्हणत असत.

काम सुरू झाले तर लष्कर मोजणीसाठी आपल्या जागेत पाय ठेवू देईना. तेव्हा ओकुमांनी तोड काढली: जमीन मिळत नसेल तर रूळ समुद्रात घाला. ताकानावा भागात किनाऱ्यालगत पाण्यात सुमारे पावणेतीन किलोमीटरचा दगडी बांध घातला गेला आणि गाडी दोन्ही बाजूंना पाणी घेऊन धावू लागली. पुढे समुद्र भरून तिथे शहर वाढले, बांध विस्मरणात गेला. २०१९ मध्ये शिनागावाजवळ बांधकाम चालू असताना त्या बांधाच्या दगडी भिंती जशाच्या तशा उघड्या पडल्या. त्यांचा काही भाग २०२१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून राखला गेला, उरलेला उंच इमारतींसाठी उकलला गेला. जपानी माणूस जुने सगळे जपतो अशी आपली समजूत असते. तोही आपल्यासारखाच थोडे जपतो आणि पुष्कळ गमावतो.

१४ ऑक्टोबर १८७२ रोजी मेइजी सम्राटाच्या उपस्थितीत शिम्बाशी ते योकोहामा ही २९ किलोमीटरची रेल्वे रीतसर सुरू झाली. वेळ लागे ५३ मिनिटे. मॉरेल मात्र तो दिवस पाहायला नव्हता. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात क्षयाने तो गेला आणि लगोलग त्याची बायकोही गेली. योकोहामाच्या टेकडीवर परदेशी लोकांच्या दफनभूमीत दोघे विसावले आहेत. त्याची जागा घ्यायला आलेला रिचर्ड व्हिकर्स बॉइल हा हिंदुस्थानात ईस्ट इंडियन रेल्वेवर काम केलेला. १८५७ च्या धामधुमीत बिहारमधल्या आरा येथे घराची गढी करून लढलेला तोच बॉइल.

ओमियाच्या रेल्वे संग्रहालयात जपानचे इंजिन नंबर एक काचेसारखे पुसून ठेवले आहे. मधल्या काळात ते शिमाबारा नावाच्या एका छोट्या खाजगी रेल्वेला विकले गेले होते. १९३० मध्ये त्याची किंमत कळून ते परत आणले गेले. मी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. बांधणी १८७१, कारखाना इंग्लंडमधला व्हल्कन फाउंड्री. ते नाव वाचले आणि अंगावर काटा आला. कारण जी.आय.पी. रेल्वेची पहिली आठ इंजिनेही याच कारखान्यातून आली होती. बोरीबंदरहून ठाण्याकडे धूर सोडत गेलेली आणि शिम्बाशीहून योकोहामाकडे गेलेली, दोघी एकाच माहेरच्या. आपली वीस वर्षांनी मोठी. पण मोठीचे नाव आपण भूगोलाच्या पुस्तकात ठेवले, तिला मात्र ठेवले नाही.

माहेर एक असले तरी सासरे वेगळी होती, हे इतिहासाच्या मास्तराला नमूद केलेच पाहिजे. इनोउए मासारू हा १८६३ मध्ये देशाबाहेर जाण्यास बंदी असताना चोरून इंग्लंडला शिकायला गेलेल्या पाच तरुणांपैकी एक. परत आल्यावर तो रेल्वेचा प्रमुख झाला. त्याच्या देखरेखीखाली १८८० मध्ये क्योतोजवळचा ओसाकायामा बोगदा एकाही परदेशी अभियंत्याशिवाय जपानी माणसांनी खणला. १८९३ मध्ये कोबेच्या कारखान्यात जपानात बांधलेले पहिले इंजिन तयार झाले. आपल्याकडे अजमेरच्या कारखान्यात मीटरगेजचे पहिले इंजिन बांधले गेले १८९५ मध्ये, म्हणजे फक्त दोनच वर्षांनी. हात आपल्या कारागिरांचेही कमी कसबी नव्हते. पण जपानचे निर्णय तोक्योत होत होते, आपले लंडनमध्ये. तिकडे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंजिनांची आयात जवळपास थांबली. इकडे चित्तरंजनच्या कारखान्यातून इंजिन बाहेर पडायला १९५० साल उजाडावे लागले. आणि मग दैवाचा खेळ असा की स्वातंत्र्यानंतर आपल्या मीटरगेजवर मालगाड्या ओढणाऱ्या वायजी वर्गातली काही इंजिने जपानी कारखान्यांतून बांधून आली.

बाप आणि लेक

लेकीचे घर योकोहामा मार्गावर होते. रोज सकाळी मी त्याच लोकलने हिंडायला निघे. दोन आठवड्यांनी संग्रहालयातल्या एका पाटीवरून कळले की १९१७ मध्ये याच मार्गावर एका माणसाने आपल्या आयुष्याचा डाव मांडला होता.

त्याचे नाव यासुजिरो शिमा. सरकारी रेल्वेतला इंजिनांचा जाणकार. अरुंद रुळांवर मोठी इंजिने आणि मोठा वेग पेलणार नाही, तेव्हा मुख्य मार्ग १४३५ मिलिमीटरच्या प्रमाण मापाचे करा, असा त्याचा ध्यास. त्याने योकोहामा मार्गावर जास्तीचे रूळ टाकून प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवली. बदल म्हणतात तितका अवघड नाही, खर्चही आवाक्यातला आहे, हे सिद्ध केले. राजकारणात गोतो शिम्पेई त्याच्या बाजूने. विरोधात होते हारा ताकाशी. त्यांचे म्हणणे, आहेत ते रूळ रुंद करण्यापेक्षा त्याच पैशात जिथे गाडीच नाही त्या गावांत ती आधी न्या. या म्हणण्यात मतांचे राजकारण होते, हे खरे. पण ज्या गावाला गाडीच नाही त्याच्या बाजूने पाहिले तर ते अगदीच चूक होते, असे मला म्हणवत नाही. हारा पंतप्रधान झाले, १९१९ मध्ये रुंदीकरण बारगळले आणि यासुजिरो शिमा नोकरी सोडून गेले.

त्यांचा मुलगा हिदेओ पुढे त्याच रेल्वेत लागला. बापाला नको असलेल्या अरुंद रुळांवरच त्याने उत्तम इंजिने बांधली. 'दे-गो-इची' या लाडक्या नावाने ओळखले जाणारे डी-५१ इंजिन, ज्याच्या अकराशेच्या वर प्रती निघाल्या, त्याच्या रचनेत हिदेओचा मोठा वाटा होता. मधल्या काळात, १९३९ नंतर, तोक्योहून पश्चिमेकडे रुंद रुळांची 'बंदुकीच्या गोळीसारखी' गाडी न्यायची योजना निघाली. त्या कामात बाप आणि लेक दोघेही होते. जमिनी घेतल्या गेल्या, शिन-तान्ना बोगदा खणायला सुरुवात झाली आणि १९४३ मध्ये युद्धाने सारे थांबवले. यासुजिरो १९४६ मध्ये वारले.

२४ एप्रिल १९५१. योकोहामाचे साकुरागिचो स्टेशन, म्हणजे १८७२ च्या पहिल्या गाडीचे मूळ शेवटचे स्थानक. तुटून लोंबणाऱ्या विजेच्या तारेला गाडी घासली आणि डब्याने पेट घेतला. युद्धकाळातल्या काटकसरीने बांधलेले ते डबे. खिडक्यांना लहान लहान तीन काचा, माणूस बाहेर पडू शकणार नाही अशा. दारे उघडेनात. १०६ माणसे जळून गेली. गाड्यांच्या विभागाचे प्रमुख हिदेओ शिमा होते. त्यांनी राजीनामा दिला. मी त्या स्टेशनात उभा राहिलो तेव्हा पोरे समुद्राकडे फिरायला चालली होती, हातात आइस्क्रीम. आज तिथल्या डब्यांच्या दारांपाशी संकटात दार हाताने उघडण्याचा खटका कुठे आहे ते दाखवणारी पाटी असते. त्या पाटीची किंमत १०६ माणसांनी चुकवली आहे.

१९५५ मध्ये राष्ट्रीय रेल्वेच्या अध्यक्षपदी शिन्जी सोगो नावाचा एकाहत्तर वर्षांचा, गडगडाटी स्वभावाचा गृहस्थ आला. तरुणपणी गोतो शिम्पेई यांच्या हाताखाली काम केलेला, रुंद रुळांचा जुना वारकरी. त्याने हिदेओ शिमांना परत बोलावले: तुमच्या वडिलांचे अपुरे राहिलेले काम पुरे करा.

या कामाला हात लावणारी माणसे कोण होती, हेही पाहण्यासारखे आहे. तादानाओ मिकी युद्धात विमानांचे रचनाकार होते. वैमानिकासकट शत्रूच्या जहाजावर आदळणाऱ्या 'ओका' या आत्मघातकी विमानाची रचना त्यांची. तादाशी मात्सुदाइरा लढाऊ विमानांच्या थरथरीचा अभ्यास करणारे. हरलेल्या देशात विमाने बांधायला बंदी आली, तेव्हा ही माणसे रेल्वेच्या संशोधन संस्थेत आली. वेग वाढला की चाके रुळांवर डावी-उजवी नागमोडी खाऊ लागतात आणि गाडी घसरते. दोष रुळांचाच, अशी जुन्या मंडळींची समजूत. मात्सुदाइरांनी ही विमानाच्या पंखासारखी थरथर आहे हे ओळखून डब्याच्या सांगाड्यातच तिच्यावर उपाय केला. मिकींनी गाडीला वारा कापणारे नाक दिले. मरायला पाठवणारे यंत्र करणाऱ्या हातांनी नंतर सुखरूप पोचवणारे यंत्र केले. मे १९५७ मध्ये या संस्थेने तोक्योत जाहीर व्याख्यान देऊन सांगितले की तोक्यो-ओसाका तीन तासांत शक्य आहे. तेव्हा सर्वांत जलद गाडीलाही साडेसात तास लागत.

खर्च खरा सांगितला तर संसद मंजुरी देणार नाही, हे सोगोंना पक्के ठाऊक होते. त्यांनी अंदाज मुद्दाम कमी दाखवला. आणि सरकार बदलले तरी काम थांबू नये म्हणून जागतिक बँकेकडून १९६१ मध्ये आठ कोटी डॉलरचे कर्ज काढले. परकी कर्ज घेतल्यावर माघार घेता येत नाही, हा हिशेब. खर्च सुमारे १९७ अब्ज येनांवरून ३८० अब्जांच्या घरात गेला. १९६३ मध्ये सोगोंना जावे लागले. शिमाही त्यांच्या मागोमाग गेले.

१ ऑक्टोबर १९६४ रोजी पहाटे सहाला तोक्योच्या फलाटावर फीत कापली गेली आणि ताशी २१० किलोमीटर वेगाची पहिली 'हिकारी' ओसाकाकडे निघाली. ज्या दोघांनी ती धावती केली, ते दोघेही त्या फलाटावर नव्हते. शिमांनी तो सोहळा घरी बसून दूरचित्रवाणीवर पाहिला. सोगोंचा उठावाचा पुतळा पुढे १९७३ मध्ये तोक्यो स्टेशनच्या शिन्कान्सेन फलाटाच्या टोकाला बसवला गेला. मी तो शोधून काढला. लोक घाईने जात होते, पुतळ्याकडे पाहायला कोणालाच सवड नव्हती. जागतिक बँकेचे कर्ज १९८१ मध्ये फिटले. त्याच वर्षी सोगो वारले.

मी स्वतः शिन-योकोहामाहून क्योतोला गेलो. अतामीच्या पुढे एक बोगदा लागतो. डोळ्यांपुढे दोन मिनिटेही अंधार राहत नाही. तो शिन-तान्ना, युद्धात अर्धवट टाकलेला. बापाच्या काळी खणायला घेतलेल्या बोगद्यातून लेकाची गाडी जाते, हे मनाशी म्हणेपर्यंत उजेड आलासुद्धा.

काळी पाने

इथवरची हकीकत वाचून जपानी रेल्वे म्हणजे नुसते कौतुक, असा समज होईल. तो पुरा नाही.

तोक्योत यासुकुनी देवळाच्या आवारातल्या संग्रहालयात शिरताच दालनात सी-५६ वर्गाचे ३१ क्रमांकाचे एक इंजिन उभे आहे. या वर्गाची नव्वद इंजिने युद्धात आग्नेय आशियात नेली गेली. जाताना त्यांची चाके १०६७ वरून १००० मिलिमीटरवर आणली. आमच्या चार बोटांचे अंतर असे एका कामासाठी मिटवले गेले. ते काम म्हणजे थायलंडपासून ब्रह्मदेशापर्यंतची ४१५ किलोमीटरची रेल्वे. ब्रह्मदेशातल्या आणि त्यापुढे हिंदुस्थानच्या सीमेवर येणाऱ्या सैन्याला रसद पोचवण्यासाठी १९४२-४३ मध्ये जंगल तोडून ती साधारण वर्षभरात पुरी केली. बारा हजारांवर युद्धकैदी त्यात मेले. त्यांची थडगी आहेत, नावे आहेत. पण सक्तीने आणलेले आशियाई मजूर, त्यांत मलायाच्या रबरमळ्यांतले कितीतरी तमिळ, अंदाजे नव्वद हजारांच्या आसपास मेले. बहुतेकांच्या नावाची नोंदसुद्धा नाही. त्याच वर्गातले आणि त्याच वाटेने थायलंडला गेलेले ४४ क्रमांकाचे इंजिन १९७९ मध्ये जपानला परत आले. ओइगावा नावाच्या डोंगरी रेल्वेवर २०१५ मध्ये त्याला तांबडा रंग, हसरा चेहरा देऊन मुलांच्या गोष्टीतले 'जेम्स' केले गेले. इंजिनाचा काय दोष? पण ज्याला इतिहास माहीत आहे, त्याला त्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहताना हसू येत नाही.

दुसरे पान अलीकडचे. २५ एप्रिल २००५ रोजी आमागासाकी येथे एक लोकल ताशी ७० किलोमीटरच्या वळणावर ११६ च्या वेगाने शिरली आणि एका राहत्या इमारतीवर आदळली. १०७ माणसे गेली, त्यांत तेवीस वर्षांचा चालकही. आधीच्या स्टेशनात गाडी फलाटापुढे गेल्याने त्याला जेमतेम दीड मिनिटाचा उशीर झाला होता. उशीर करणाऱ्या चालकांना त्या कंपनीत 'फेरप्रशिक्षणा'च्या नावाखाली अपमानास्पद शिक्षा होत असत. त्या भीतीचा या अपघाताशी संबंध होता, हे चौकशीत पुढे आले. ज्या वक्तशीरपणाचे आपण गोडवे गातो, त्याचीच ही दुसरी बाजू. शिन्कान्सेनमध्ये १९६४ पासून गाडी घसरून किंवा टक्कर होऊन एकही प्रवासी दगावलेला नाही, हे जितके खरे, तितकेच आमागासाकीही खरे.

हे वाचताना मला दादांची एक गोष्ट आठवली. घाटात एकदा त्यांना मागच्या डब्यातून जळक्या तेलाचा वास आला. एका वाघिणीचा ॲक्सल तापला होता. त्यांनी गाडी थांबवली, पाहणी केली, ती वाघीण पुढच्या स्टेशनात काढून ठेवायला लावली. चाळीस मिनिटे उशीर झाला. खुलासा मागणारा कागद आला. आई धास्तावली. दादा दिव्याखाली बसून सावकाश उत्तर लिहीत होते. म्हणाले, "उशिराचा खुलासा लिहून देता येतो. माणसाचा देता येत नाही." त्या तेवीस वर्षांच्या पोराला असे सांगणारे कोणी भेटले असते, तर?

पुन्हा ठाणे

दुसऱ्या खेपेला, २०२३ मध्ये, लोकलच्या पहिल्या डब्यात चालकाच्या काचेमागे उभा राहिलो. पांढरे हातमोजे घातलेला तरुण प्रत्येक सिग्नलकडे बोट रोखून मोठ्याने काहीतरी म्हणत होता. डब्यात तो एकटाच, ऐकायला कोणी नाही. ही त्यांची बोट दाखवून बोलण्याची पद्धत. तिकडच्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये केलेल्या प्रयोगात नुसते पाहण्यापेक्षा असे दाखवून बोलल्याने चुका साधारण सहाव्या हिश्शावर आल्या. आपल्याकडेही चालक आणि त्याचा सहायक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. दादा तर निवृत्तीनंतरही घराबाहेर पडताना दाराच्या कुलपाकडे, गॅसच्या बटणाकडे बोट करून "बंद" म्हणत. आम्ही हसत असू. योकोहामाच्या त्या काचेमागे मला हसू आले नाही.

बेळगावचे मीटरगेज १९९० च्या दशकात गेले. आता मिरजेला फलाट बदलावा लागत नाही, पोती उतरावी लागत नाहीत. त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. ज्यांच्या पाठीवरून ती पोती गेली त्यांना विचारा. आणि १४ सप्टेंबर २०१७ रोजी पायाभरणी झालेल्या मुंबई-अहमदाबाद मार्गाचे, जपानी तंत्राच्या आणि जपानी कर्जाच्या ५०८ किलोमीटरचे काम चालू आहे. वाटेत वडोदरा आहे, तिथल्या आपल्या मराठी मंडळींच्या दारावरून ती जाईल. मुंबईहून निघालेली ती गाडी ठाण्याच्या खाडीखालून बोगद्याने जाणार आहे. १८५३ ची गाडी ठाण्यापर्यंतच गेली, ही खाडीखालून पुढे जाईल. रुळांचे माप १४३५ मिलिमीटर, म्हणजे यासुजिरो शिमांनी १९१७ मध्ये मागितलेले. ज्यांची जमीन त्या वाटेत गेली, त्या पालघरच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, मोबदल्यासाठी झगडले. हारा ताकाशींचा जुना प्रश्न इथेही उभा आहे: आधी वेग, की आधी जिथे गाडीच नाही ते गाव? जपानने याचे उत्तर दोनदा दोन प्रकारे दिले आणि दोन्ही वेळा काहीतरी गमावले. आपण आपले उत्तर देताना त्यांची फक्त गाडी घेऊ नये, त्यांचा हिशेबही वाचावा.

परत आल्यावर लोंढ्याला जाऊन आलो. स्टेशनच्या पाटीवर कानडी, नागरी आणि रोमन अशी तीन लिप्यांत नावे. जपानी स्टेशनांच्या पाटीवरही दोन-तीन लिप्या असतात. पण तिच्यावर आणखी एक गोष्ट असते, मागच्या स्टेशनाचे आणि पुढच्या स्टेशनाचे नाव. लोंढ्याच्या फलाटावर मी खाली वाकलो. रूळ रुंद होते, नवे, झळझळीत. मागून एक पोरगेला पॉइंटमन कानडीत म्हणाला, "अज्जा, मागे सरा, गाडी येतेय." मी मागे सरलो. सिग्नलकडे बोट करून, कोणी ऐकत नाही असे पाहून, हळूच म्हणालो, "हिरवा."